धन्याचा पाला

त्या दिवशी आमच्या भाईरच्या सोप्यात कोन कोन हुतं ते आधी सांगते, म्हंजी मागनं कुनी म्हनायला नको की म्हातारी मनचं सांगतीया. माजी सासू हुती, जोत्यावर पोत्याची घडी टाकून बसल्याली. माज्या धाकट्या भनीचा सासरा हुता. त्यो सांगलीकडचा, नदीकाठचा ऊसवाला, आनि फुडं सांगते त्या समितीचा आध्यक्ष. मिरजेचं एक वैद्यबुवा हुतं. शुद्ध लिवनारं एक मास्तर हुतं, मांडीवर कागद घेऊन. आमच्या गावचा पाटील हुता. त्येला कुनी बोलावलं नव्हतं, पर गावात जीप शिरली की त्यो हजर. आनि मी हुते, सैपाकघराच्या दाराआड, एक डोळा चुलीवरच्या च्यावर ठेवून. नावं कुनाचीच घेत न्हाई. नाव न घेन्याची आमास्नी सवयच हाय, आनि ह्या सगळ्या गोंधळाचं मूळ बी तेच हाय.

साठ सालाच्या फुडची गोष्ट. आमचं गाव म्हसवडच्या अंगाला, माळावर. ढग यायचं ते आमच्या डोक्यावरनं जाऊन दुसरीकडंच पडायचं. मालक मिलिटरीत, सरहद्दीवर. घरात आमी दोघी सासूसुना, दुष्काळी कामावर खडी फोडायची आनि सांजच्याला भाकरी थापायची. हाताला घट्टं पडलं की म्हनायचं, बरं झालं, आता तवा भाजत न्हाई.

माजी सासू कावीळीचं औशिद द्यायची. वड्याच्या काठाला एक पाला उगवायचा, त्यो आनून पाट्यावर वाटायचा आनि रस पाजायचा. घ्यायची काय न्हाई कुनाकडनं. गुन यायचा का? कुनाला यायचा, कुनाला न्हाई. ज्येला आला त्यो गावभर सांगत सुटायचा. ज्येला न्हाई आला त्यो सांगायला ऱ्हायचाच न्हाई. म्हून सासूचं नाव लय चांगलं हुतं.

आता अडचन काय ती नीट ऐका. त्या पाल्याचं जे नाव, तेच माज्या सासऱ्याचं नाव. आजेसासूनं म्हनं त्या पाल्याला नवस केला हुता, पोरगं जगलं म्हून त्येचंच नाव ठेवलं. सासरा जाऊन लय वर्सं झाली हुती, पर बाई नवऱ्याचं नाव घेती व्हय? सून तर सासऱ्याचं घेतच न्हाई. म्हून आमच्या घरात त्या पाल्याला 'धन्याचा पाला' म्हनायचं. धनी म्हंजी मालक, घरधनी, नवरा. गावातल्या बाप्यास्नी सासऱ्याचं नाव ठावं हुतं, पर पाला कंचा ते ठावं नव्हतं. आमा दोघीस्नी पाला ठावा हुता, पर तोंड उघडायची सोय नव्हती. दोनी सांगू शकनारा एकच, माजा मालक, आनि त्यो बर्फात हुबा.

भनीच्या सासऱ्याला त्या सालात जुनं ज्ञान जागं करायचं याड लागलं हुतं. ऊसाचं बिल आलं की मानसाला कायतरी जागं करावं वाटतंच. त्येनी समिती काढली, जीपला फुडनं पांढरं कापड बांधलं, त्येच्यावर लाल अक्षरात लिवलं, 'घरोघरी आयुर्वेद'. गावोगावच्या म्हाताऱ्या गाठायच्या, त्येंचं औशिद लिवून घ्यायचं, आनि बाटलीत भरून शेरातल्या मानसाला द्यायचं, आसा बेत. शेरातल्या मानसाला पाटा वरवंटा कुठला, म्हून बाटली.

आले ते ऐन चैतात. आध्यक्ष सोप्यात पाटलाला ऊसाच्या लागनीचं सांगायला बसलं. मास्तर आनि वैद्यबुवा सासूच्या फुडं.

"आजी, तुमच्या औषधाचं नाव काय?" मास्तरांनी इचारलं.

सासू म्हनली, "आमच्या धन्याचा पाला."

मास्तरांनी लिवलं, मग थांबलं, आनि हसून वैद्यबुवास्नी म्हनलं, "ग्रामीण उच्चार आहे. ही मंडळी पाण्याला पानी म्हणतात, लोण्याला लोनी. आजींना धण्याचा म्हणायचंय." आनि त्येंनी नळाचा न खोडून बाणाचा ण घातला.

मी दारातनं हे ऐकलं. पर आमच्या कानाला दोनी न सारखंच. मी दोन यत्ता शिकल्याली. मला वाटलं, शुद्ध करत्यात, करू देत. आमच्या तोंडातनं पडलेलं शिकल्याल्या मानसाला धुवून घ्यावं लागतं. सासूला तर कोथमीर म्हंजी कोथमीर. तिला धन्याचा पाला म्हंजी कोथमीर हे कोन सांगनार?

"आमच्या म्हणजे गावठी," मास्तर म्हनलं, आनि ते बी लिवलं.

वैद्यबुवांनी डोळं मिटलं. "धान्यक! शीत. पित्तशामक. ग्रंथात आहेच हे."

ग्रंथात हाय तर आमच्या दारात कशाला आलं, आसं मला वाटलं, पर तेवड्यात च्या उतू गेला.

"घ्यायचं कसं, आजी?"

सासूनं पदर डोईवर वढला. आता दोन-दोनदा नवऱ्याचं आडून नाव घ्यायचं म्हंजी बाई लाजनारच. "आधी त्यास्नी निवडून घ्यायचं. मग चांगल्या पान्यानं आंगूळ घालायची. मग पाट्यावर घ्यायचं आनि वरवंट्यानं बारीक करायचं. लय जोर लावायचा न्हाई. त्यास्नी जोर सोसत न्हाई."

मास्तरांची लेखनी थांबली. "कोणाला, आजी?"

"आवं, आमच्या धन्यास्नी."

वैद्यबुवांचं डोळं भरून आलं. "पाहिलंत? झाडालासुद्धा आदरार्थी बहुवचन! ही आपली संस्कृती."

तिकडनं पाटील वरडला, "जित्तेपनी येवडा मान दिला आस्ता तर म्हातारा आनखी धा वर्सं जगला आस्ता की वयनी!"

"तुमी च्या प्या गुमान," सासू म्हनली.

सगळी हसली. मास्तर बी हसलं. गावाकडचा इनोद म्हून हसलं. पाटलाला वाटलं ह्यास्नी कळलं, ह्यास्नी वाटलं पाटलाला कळलं. मला वाटलं सगळ्यास्नीच कळलं.

"झाड दावता का?" शेवटी आध्यक्ष उठून आलं.

"आता कुटलं? वडा कोरडा ठाक पडलाय. पाऊस झाला की या, मग दावते."

"पावसापतूर कसं थांबनार, इहीनबाई? वैशाखात साताऱ्याला परदर्शन हाय. मोठी मानसं येनार. बाटल्या तयार पायजेत." आनि ते वैद्यबुवास्नी म्हनलं, "धण्याला काय तोटा? आमच्या मळ्यात वाफंच्या वाफं हायेत."

वैशाखात आमास्नी यष्टीनं साताऱ्याला न्हेलं. मांडव, भोंगा, खुर्च्या. पेन्शनीवाले जवान मिशा पिळत पयल्या रांगंत. टेबलावर हिरव्या बाटल्यांची उतरंड, बुचावर लाख लावल्याली. आध्यक्षांनी भाशान केलं. "आमच्या अडानी आज्या झाडाला आवं जावं म्हनत्यात, आनि आमी शिकल्याली पोरं बापाला अरे तुरे करतो!" लय टाळ्या पडल्या. भाशान झाल्यावर मांडवामागं पान्याचा तांब्या घेऊन मी गेले, तर आध्यक्ष खिशातनं गोळी काढून गिळत हुतं. मी बगितलं म्हनताना म्हनलं, "डागदरची हाय. थंडीतापाची. आपल्या औशिदाला येळ लागतो, पोरी, आनि मला आज येळ न्हाई."

सासूला उन्हाळ्याच्या दिसात लोकरीची शाल पांघरली. भोंग्याफुडं हुबी केली, बाटली हातात दिली आनि इचारलं, "हेच का तुमचं औषध?" बाटली बंद. हिरवं दिसलं म्हनताना ती म्हनली, "व्हय." फुडं म्हनली, "कावीळ झाल्यावर त्याल खाऊ नगा," आनि खाली बसली. एवडंच तिचं भाशान. परतीच्या यष्टीत घामानं पार भिजली, पर शाल काढली न्हाई. घरी आल्यावर बी चार दिस अंगावरच. मी म्हनलं, "आत्याबाई, घामोळं उठलंय." ती म्हनली, "उठू दे. साताऱ्याचं हाय."

हितपतूर समदं हसन्यावारी. हितनं फुडं न्हाई.

सरावनात नदीकडचा एक बैलाचा व्यापारी बाजाराला आला, त्येच्या हाती सांगावा आला. माज्या धाकट्या भनीला कावीळ झाली हुती. तिचं पयलंच बाळंतपन, सातवा सरत आल्याला. सांगाव्यात वरनं हे बी हुतं, की काळजी करू नका, तुमच्याच सासूचं औशिद सुरू हाय, बाटलीतलं.

मला वाटलं सासू फुगंल. पर तिच्या हातातली मिसरी तशीच ऱ्हायली.

"दोन जिवाच्या बाईला?" ती म्हनली. "आगं, दोन जिवाचीला त्यो पाला देत न्हाईत. मी कवा दिला न्हाई. त्यो लय कडक. पॉट पडतं."

"मग त्यास्नी सांगितलं न्हाई का तुमी?"

"त्येंनी इचारलं न्हाई." मग उटून माजं लुगडं बांधून दिलं. "जा. आत्ताच्या आत्ता जा. बाटली वतून टाक म्हनावं, मी सांगितलंय म्हनावं."

यष्टीत बसले. ती माज्या पाठीवरची, आई गेल्यावर मीच कडंवर घेऊन वाडवल्याली. मनात एकच, की आमच्याच घरच्या पाल्यानं तिचं पॉट पडलं तर मी तिला तोंड कसं दावू.

त्येंच्या घरी पोचले तर भन आतल्या खोलीत, गोधडीवर. डोळं हळदीत बुडवून काढल्यागत. मी हाक मारली तर तिनं बगितलं, "आक्का" म्हनली, आनि परत डोळं मिटलं. उशाला बाटली. मी बूच काढलं, वास घितला.

कोथमीर.

परत घितला. जिभंला लावून बगितलं. निवळ कोथमीर, साखर घाटल्याली. मी खाली बसले आनि हसायलाच लागले. भनीची सासू म्हनाली, "काय गं, याड लागलं का?" मला वाटत हुतं, सुटलो, कोथमिरीनं कुनाचं पॉट पडत न्हाई, आमटीत काय थोडी खातो का आपन?

मग हसू जागच्या जागी थांबलं. कोथमीर म्हंजी पोरीला काय दिलंच न्हाई. इतके दिस ती पिवळी पडत गेली आनि घरातली मानसं औशिद चालू हाय म्हून निवांत बसली. आनि आता तिला हाक मारली तर ती नीट जागी बी व्हईना.

मी भाईर सोप्यात गेले. आध्यक्ष हुतं, वैद्यबुवा हुतं, मास्तर हुतं. समितीची बैठकच हुती. तिचा नवरा खांबाला टेकून हुबा.

"आबा," मी म्हनलं, "तिला मिरजेला न्या. मोठ्या दवाखान्यात. आजच."

आध्यक्षांनी पानाचा डबा झाकला. "मिरजेला? आगं पोरी, मी गावोगाव बाटल्या वाटतोय, आनि माजीच सून दवाखान्यात घातली तर लोक काय म्हनतील? तुज्या सासूच्याच नावाला बट्टा लागंल की."

"त्ये माज्या सासूचं औशिद न्हाई. ती कोथमीर हाय."

"अर्थात," मास्तर म्हनलं. "धण्याचा पाला म्हणजे कोथिंबीरच. तुमच्या सासूबाईंनी स्वमुखानं सांगितलं, मी स्वहस्तानं लिहिलं."

"धन्याचा म्हनली ती, मास्तर! धन्याचा! धनी! घरधनी!"

"तेच लिहिलंय."

"ते न्हाई लिवलं! धनी म्हंजी माजा सासरा!"

वैद्यबुवा हळूच म्हनलं, "म्हणजे पाट्यावर..." आनि तितंच थांबलं.

"मग त्या पाल्याचं नाव काय?" आध्यक्षांनी इचारलं. आवाज वाईच चढला हुता. "नाव सांग. न्हाईतर तू म्हनतीस ते खरं कशावरनं? पोरीला दवाखान्यात न्यायचं म्हून आता कायबी बोलशील."

मी भवतीनं बगितलं. समदे बाप्ये. दारात भनीची सासू. लगीन झाल्यापासनं जे नाव माज्या तोंडाला शिवलं नव्हतं, सातबाऱ्यावर सुदा तलाठ्याला मी बोटानं दावलं हुतं, ते मी घितलं. फुडं राव न्हाई, मागं आप्पा न्हाई. उघडं बोडकं घितलं, मोठ्यानं.

भनीच्या सासूनं कानावर हात ठेवलं. "आगं बया! सासऱ्याचं नाव घितलं हिनं! भर सोप्यात!" आत पोरगी पिवळी व्हऊन पडल्याली, तवा तिच्या तोंडातनं 'आगं बया' निघालं नव्हतं.

आनि मास्तर? मास्तरांनी लेखनीचं टोपान काढलं. "पुन्हा सांगता का? स्पष्ट उच्चार करा. दुसऱ्या खेपेच्या बाटल्यांत दुरुस्ती करू."

"आधी जीप काढा," मी म्हनलं.

आध्यक्ष म्हनलं, "आता वैद्यबुवा हायेतच, त्येनी एकडाव नाडी बगितली तर..."

वैद्यबुवास्नी मी इतके दिस नावं ठेवली, पर खरं ते सांगते. ते आत गेलं, नाडी धरली, पापनी वर केली, तिला दोनदा हाक मारली. भाईर आलं तवा त्येंचा चेहरा उतरला हुता. "न्या," म्हनलं. "उशीर करू नका." तिचा नवरा खांबापासनं हलला, बापाच्या खिशातनं जीपची चावी काढून घेऊन गेला. बापाला इचारलं बी न्हाई.

जीपंत तिचं डोकं माज्या मांडीवर. फुडं 'घरोघरी आयुर्वेद' तसंच फडफडत हुतं, सोडायला कुनाला सुचलं न्हाई. दवाखान्याच्या फाटकात हुबं ऱ्हायल्यावर आध्यक्षाच्या ध्यानात आलं. सून आत स्ट्रेचरवर निघाली आनि ह्ये खांद्यावरचं उपरनं काढून त्या अक्षरांवर झाकत बसलं. उपरनं लहान पडलं. 'घरोघरी' तेवडं झाकलं.

डाक्टरीनबाईनं इचारलं, "आतापर्यंत काय दिलं?"

आध्यक्ष म्हनलं, "घरगुती."

"काय घरगुती?"

"कोथमीर," मी म्हनलं.

बाई लिवता लिवता म्हनाली, "कोथिंबिरीनं काही बिघडत नाही. इतके दिवस घरी ठेवली त्यानं बिघडलंय."

बाळ गेलं. मुलगा हुता. भन लय दिस तिथंच पडून ऱ्हायली, एकदा तर डाक्टरीनबाईनंच आशा सोडली हुती, पर वाचली. मी तिथल्या वऱ्हांड्यात ऱ्हायले, तीन दगडांवर पेज शिजवायची. ती शुद्धीवर आल्यावर तिनं पयलं बाळाचं इचारलं. मी सांगितलं. तिनं भित्तीकडं तोंड केलं. मी तिच्या पायाला त्याल चोळत बसले. दुसरं काय करायचं असतं?

घरी आल्यावर सासूला समदं सांगितलं. ती ऐकून घेत ऱ्हायली. मग म्हनली, "नाव घितलंस?"

"घितलं."

"बाप्यांत?"

"व्हय."

मग म्हनली, "बरं केलंस. मी घितलं आसतं तर चैतातच मिटलं आसतं." आनि तरीबी, मरंस्तवर तिनं ते नाव घितलं न्हाई. मला म्हनायची, "तू घे. तुजी सवय मोडलीया."

समिती काय मोडली न्हाई. तसल्या गोष्टी मोडत न्हाईत. कावीळीच्या बाटल्या निवांतपनी 'भूक लागन्यासाठी' म्हून खपल्या, आनि कोथमिरीनं भूक लागती बी. फुडल्या साली मास्तर दुसऱ्या गावच्या दुसऱ्या म्हातारीकडं गेलं, इचवाच्या औशिदासाठी. त्या म्हातारीचा नवरा जित्ता हुता आनि शेजारीच बसला हुता, म्हून तितं काय चुकलं न्हाई म्हनत्यात.

आता माज्या नातसुना इचारत्यात, आजी, त्यो पाला कंचा, नाव तरी सांगा, आता कोन पाळतंय हे. मी इथं ते नाव लिवत न्हाई. लाज म्हून न्हवं; ती सोप्यातच गेली. पर लिवलं की कुनीतरी त्यो हुडकंल, वाटंल, पाजंल, आनि चार दिस वाट बगत बसंल. आमच्या घरात त्या पाल्यानं बरी झाल्याली मानसं मी बगितली हायेत, पर ती पाल्यानं बरी झाली का निजून ऱ्हायल्यानं, ते मला ठावं न्हाई. सासूला बी नव्हतं.

म्हून जे कोन वाचत आसंल त्येला एवडंच मागनं हाय. घरात कुनाचं डोळं पिवळं दिसलं, आनि त्यात ती पोटुशी आसली, तर माजं ऐकू नका, कुनाच्या आजीचं ऐकू नका, बाटलीवरचं वाचत बसू नका. जी पयली गाडी मिळंल तिच्यात घाला आनि दवाखान्यात न्या.